कोरडी कोळंबी, गार पेला: प्रॉन कॉकटेल घरी करताना

प्रॉन कॉकटेल बिघडते ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. कोळंबीच्या अंगात राहिलेले पाणी, लेट्यूसच्या पानांवरून न निथळलेले पाणी आणि सॉसमधून सावकाश सुटणारे पाणी असे तीन ठिकाणचे पाणी पेल्याच्या तळाशी जमते आणि पाहुणे टेबलाशी येऊन बसेपर्यंत वरची कोळंबी बेचव, तर खालचा पाला लिबलिबीत झालेला असतो. मी हा पदार्थ पहिल्यांदा केला तेव्हा नेमके हेच झाले होते. पाने धुऊन तशीच पेल्यात भरली, फ्रीझरमधली कोळंबी घाईघाईने कोमट पाण्यात सोडवली आणि सॉस सैल झाला आहे हे दिसत असूनही तो वर ओतला. चमचा तळाशी गेला की गुलाबी पाणी वर येत होते. नंतर पुन्हा पुन्हा करून पाहिल्यावर लक्षात आले की साहित्य फारसे बदलावे लागत नाही, पाणी कोठे अडवायचे एवढे कळले की पुरे. पुढील कृती चार जणांसाठी आहे आणि ती याच दृष्टीने लिहिली आहे.

नावात कॉकटेल असले तरी हा पिण्याचा पदार्थ नव्हे. जेवणाच्या आरंभी, दांडी असलेल्या काचेच्या पेल्यात वाढलेली गार, उकडलेली कोळंबी आणि तिच्या जोडीला आंबटतिखट सॉस असे त्याचे रूप आहे. त्याची दोन घराणी मानता येतील. अमेरिकन घराण्यात सॉस लाल असतो: टोमॅटो केचप, लिंबू आणि हॉर्सरॅडिश नावाच्या झणझणीत मुळाचा कीस. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कालवे अशा सॉससह पेल्यात वाढली जात, मागाहून त्या जागी कोळंबी आली. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात रिकामे पडलेले मद्याचे पेले या कामी लागले आणि त्यामुळे हे रूप घट्ट झाले, असे सांगितले जाते. लास व्हेगासमधील गोल्डन गेट या कॅसिनोने १९५९ पासून पन्नास सेंटमध्ये पेलाभर कोळंबी देऊन ती आपली ओळखच करून टाकली होती. ब्रिटिश घराण्यातील सॉस गुलाबी असतो, त्याला मेरी रोझ म्हणतात, आणि तो मेयोनीज व टोमॅटो यांच्या मिश्रणातून होतो. दूरचित्रवाणीवरील पाककृतींसाठी प्रसिद्ध असलेल्या फॅनी क्रॅडॉक यांना त्याचे श्रेय अनेकदा दिले जाते. ब्रिस्टल येथे १९५५ मध्ये सुरू झालेल्या बर्नी इन या उपाहारगृहांच्या साखळीत आधी प्रॉन कॉकटेल, मग स्टेक आणि शेवटी ब्लॅक फॉरेस्ट केक असा क्रम इतका रूढ झाला, की साठ-सत्तरच्या दशकांत बाहेर जेवायला जाणे म्हणजे हेच तीन पदार्थ असे मध्यमवर्गीय ब्रिटिश माणसाच्या मनात पक्के बसले. मुंबईतील जुन्या क्लबांच्या आणि स्वतःला कॉन्टिनेन्टल म्हणवणाऱ्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर हा पदार्थ आला तो या ब्रिटिश रूपातच, आणि गोव्यातील किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये तो आजही लिहिलेला सापडतो.

पुढे त्याची थट्टा होऊ लागली. १९९२ च्या निवडणुकीपूर्वी ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या नेत्यांनी लंडनमधील बड्या वित्तसंस्थांच्या मंडळींसोबत जेवणे घेऊन त्यांची मने वळवण्याचा जो प्रयत्न केला, त्याला ‘प्रॉन कॉकटेल’ मोहीम असेच नाव पडले होते. माझ्या मते दोष पदार्थाचा नव्हता. गोठवलेली कोळंबी अर्धवट सोडवून, बाटलीतला सॉस ओतून, सकाळी भरलेले पेले रात्री वाढण्याची जी पद्धत पडली, तिने त्याची रया घालवली. कच्ची, ताजी कोळंबी ज्यांना सहज मिळते त्यांना तो नव्याने आणि अधिक साधेपणाने करण्याची चांगली संधी आहे.

कोळंबी

ब्रिटनमध्ये या पदार्थासाठी उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातली लहान, गुलाबी कोळंबी वापरतात. ती बहुधा बोटीवरच उकडून गोठवलेली असते. आपल्या समुद्रातील कोळंबी उष्ण पाण्यातली, जाडजूड आणि दाताला थोडी अधिक झुंजणारी असते. त्यामुळे ब्रिटिश पद्धतीप्रमाणे सॉसमध्ये बुडालेल्या लहान कोळंब्यांचा लगदा करण्यापेक्षा मध्यम आकाराची कोळंबी अख्खी किंवा मोठ्या तुकड्यांत ठेवून सॉस बेताने घेणे आपल्या कोळंबीला मानवते. करंदी किंवा अगदी बारीक कोळंबी येथे घेऊ नये, कारण ती क्षणात अधिक शिजते आणि सॉसखाली तिची चवच लागत नाही. ती भजी आणि कालवणातच शोभते. फार मोठी टायगर कोळंबीही टाळावी, कारण ती चमच्यात मावत नाही आणि पेल्यात सुरी चालवता येत नाही.

चौघांसाठी डोक्यासह सुमारे आठशे ग्रॅम कोळंबी घ्यावी. डोकी आणि कवच काढल्यावर साधारण निम्मे वजन हाती लागते, म्हणजे चारशे ग्रॅमच्या आसपास, आणि उकडल्यावर तेही थोडे उतरते. वाट्यावर बसलेल्या मावशींकडून घेताना डोके धडाला घट्ट धरून आहे का, कवच अंगाला चिकटलेले आणि चकचकीत आहे का, एवढे पाहावे. डोके हात लावताच लोंबकळू लागले, सांध्यांवर काळे डाग दिसले किंवा नाकाला अमोनियासारखा उग्र दर्प आला, तर ती कोळंबी मसालेदार कालवणात कदाचित खपून जाईल, पण येथे लपायला मसाला नाही. यांत्रिक बोटींची मासेमारी पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये बंद असते. त्या दिवसांत बाजारात दिसणारी कोळंबी बहुतांशी तळ्यात वाढवलेली व्हॅनामी जातीची असते. ही जात मूळची लॅटिन अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरची असून भारतात तिच्या संवर्धनाला २००९ पासून परवानगी मिळाली. तिची चव समुद्रातल्या कोळंबीइतकी खोल नसते, तरीही आकार सारखा आणि माल ताजा मिळत असल्यामुळे या पदार्थाला ती बिनदिक्कत वापरावी.

घरी आल्याबरोबर पहिले काम डोकी काढण्याचे. कोळंबीच्या डोक्यात पचनाची ग्रंथी असते आणि तिच्यातील पाचक द्रव्ये कोळंबी मेल्यानंतर तिचेच मांस विरघळवू लागतात. डोक्यासह तासन् तास पडून राहिलेली कोळंबी पिठूळ लागते ती त्यामुळेच. नंतर कवच सोलावे, शेपटीचे टोक हवे तर शोभेसाठी ठेवावे, पाठीवर उथळ चीर देऊन काळा दोरा काढावा आणि गार पाण्यात एकदाच, झटपट धुवावे. डोकी आणि कवचे फेकू नयेत, ती उकडण्याचे पाणी करायला लगेच कामी येणार आहेत. ज्यांना कवचधारी जिवांची ॲलर्जी आहे त्यांना या पाण्याचा थेंबही बाधू शकतो, म्हणून अशा पाहुण्यासाठी वेगळा पदार्थ, वेगळ्या भांड्यात करावा.

सोललेली कोळंबी फडक्यावर टिपून तिला एक लहान चमचा मीठ, अर्धा लहान चमचा साखर आणि पाव लहान चमचा खाण्याचा सोडा हलक्या हाताने चोळावा आणि फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवावी. सोड्याने मांसाची घडण किंचित अल्कधर्मी होते, ते स्वतःतले पाणी धरून ठेवते आणि उकडल्यावर कोळंबी टणटणीत, चावताना कुरकुरल्यासारखी लागते. सोडा पाव चमच्यापेक्षा अधिक झाला तर साबणासारखी चव येते. अर्ध्या तासाऐवजी दोन तास ठेवल्यानेही तोच अनर्थ होतो.

उकडणे

येथे खरी कसोटी आहे. कोळंबीचे मांस साधारण साठ अंश सेल्सिअसच्या पुढे घट्ट होऊ लागते. खळखळ उकळत्या पाण्यात बाहेरचा भाग आवळून रबरासारखा होतो आणि आतले रस पिळून बाहेर पडतात. ज्या पाण्याची आपल्याला पुढे पेल्यात धास्ती आहे, ते अशा रीतीने आपणच उकळून कोळंबीबाहेर काढलेले असते. म्हणून कोळंबी उकळत्या पाण्यात शिजवायची नाही, गरम पाण्यात मुरवायची.

पातेल्यात पावणेदोन लिटर पाणी घेऊन त्यात डोकी, कवचे, अर्धा कांदा, सहा-सात मिरे, कोथिंबिरीचे दांडे, एका लिंबाच्या सालीचा फक्त पिवळा पापुद्रा आणि दीड मोठा चमचा मीठ घालावे. सालीखालचा पांढरा भाग गेला तर कडवटपणा येतो. लवंग, दालचिनी, आले-लसूण यांचा मोह येथे आवरावा. पाण्याला कोळंबीचाच वास यायला हवा. पंधरा ते वीस मिनिटे मंद उकळी दिल्यावर पाणी किंचित केशरी होते. कवचातील ॲस्टाझॅन्थिन हे रंगद्रव्य कच्चेपणी एका प्रथिनाला बांधलेले असल्यामुळे निळसर-करडे दिसते. उष्णतेने ते प्रथिन उलगडले की केशरी रंग मोकळा होतो. हे पाणी गाळून पुन्हा पातेल्यात घ्यावे, ते दीड लिटरच्या आसपास भरेल. त्याला एक उकळी आणावी, गॅस बंद करावा, आणि मग फ्रीजमधली गार कोळंबी एकदम आत सोडून झाऱ्याने एकदा ढवळावे.

गॅस बंद केला ही चूक नव्हे. दीड लिटर पाण्यात चारशे ग्रॅम गार कोळंबी पडली की तापमान ऐंशी अंशांच्या आसपास उतरते आणि तेच आपल्याला हवे आहे. थर्मामीटर असेल तर पाणी पंचाहत्तर ते ऐंशी अंशांत आहे हे पाहावे. नसेल तर या मापांवर विसंबावे, मात्र पाणी कमी करून कोळंबी वाढवू नये. मध्यम कोळंबीला साडेतीन ते चार मिनिटे लागतात. तयार कोळंबीचे वेटोळे सैल, इंग्रजी सी अक्षरासारखे दिसते आणि पाठीवर चीर दिलेल्या ठिकाणी पारदर्शक करडेपणा उरत नाही. वेटोळे घट्ट वळून शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकले, म्हणजे कोळंबी जास्त शिजली. शंका आल्यास सर्वांत जाड कोळंबी अर्धी कापून पाहावी. मध्यभागही पांढरा आणि अपारदर्शक हवा. गार खायचा पदार्थ असल्यामुळे अर्धकच्चे ठेवण्याची जोखीम घेऊ नये.

तयार होताच कोळंबी झाऱ्याने बर्फाच्या पाण्यात घालावी, म्हणजे शिजणे जागीच थांबते. या बर्फाच्या पाण्यातही चमचाभर मीठ असावे, नाहीतर ते कोळंबीतला खारटपणा ओढून घेते. दोन-तीन मिनिटे पुरेत. गप्पा मारता मारता अर्धा तास तशीच राहिली की चव पाण्यात उतरते. हे मी अनुभवाने लिहितो आहे. मग चाळणीत निथळून, स्वच्छ पंच्यावर एका थरात पसरून, वरून दुसऱ्या फडक्याने प्रत्येक कोळंबी टिपावी आणि ताटलीत पसरून उघडीच फ्रीजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवावी. फ्रीजमधली कोरडी हवा उरलासुरला ओलावा घेते. सॉस कोळंबीला चिकटतो की तिच्यावरून घसरून तळाशी जातो, हे या पाऊण तासावर ठरते.

परदेशात राहणाऱ्या ज्या वाचकांना उकडून गोठवलेली थंड पाण्याची कोळंबीच मिळते, त्यांनी वरील सर्व खटाटोप सोडून द्यावा. ती पुन्हा उकडू नये. पाकिटावरील निव्वळ वजन पाहून घ्यावे, कारण बर्फाच्या लेपासह मोजलेले वजन फसवे असते. रात्री चाळणीत घालून, चाळणीखाली भांडे ठेवून, ती फ्रीजमध्ये सावकाश सोडवावी आणि सकाळी फडक्यात घेऊन हळुवार दाबावी. खाली साचलेले पाणी पाहिले की जुन्या उपाहारगृहांतला पदार्थ तसा का लागत असे याचा उलगडा होतो.

गुलाबी सॉस

रूढ मिश्रण मेयोनीज व केचपचे आहे आणि घाईच्या वेळी ते वाईट नाही. परंतु आपल्या बाजारातील बरेचसे बिनअंड्याचे मेयोनीज गोड असते, केचपही गोडच, आणि दोन गोड वस्तू एकत्र आल्या की कोळंबीचा अंगचा नाजूक गोडवा हरवतो. म्हणून मेयोनीज घरी करावे, त्यातले थोडे बाजूला सारून त्याजागी चक्का घ्यावा, आणि केचपऐवजी टोमॅटो आटवून घालावा. तीन कामे वाढतात खरी, पण तिन्ही आदल्या दिवशी करून ठेवता येतात.

मेयोनीजमध्ये अंड्याचा बलक कच्चा असतो आणि लहान मुले, वृद्ध किंवा गरोदर स्त्रिया जेवायला असतील तर ते धोक्याचे आहे. त्यावर उपाय असा: एक बलक, एक मोठा चमचा लिंबाचा रस, एक मोठा चमचा पाणी आणि अर्धा लहान चमचा मोहरीची पूड स्टीलच्या वाडग्यात घेऊन ते वाडगे वाफाळत्या पाण्याच्या पातेल्यावर धरावे आणि सतत फेटत राहावे. मिश्रण सत्तर अंशांच्या पुढे जाताच पातळ कस्टर्डसारखे दाट होते. त्या क्षणी वाडगे उतरवून गार पाण्यात ठेवावे, नाहीतर अंड्याची भुर्जी होईल. पूर्ण गार झाल्यावर दीडशे मिलिलीटर तेल आधी थेंबाथेंबाने आणि मिश्रण दाटल्यावर बारीक धारेने ओतत फेटावे. तेल सूर्यफुलाचे किंवा रिफाइन्ड शेंगदाण्याचे घ्यावे. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास एरवी कितीही प्रिय असला तरी येथे तो एकटाच बोलत राहतो. चवीपुरते मीठ घालावे. यातले चार मोठे चमचे आपल्याला लागतील, उरलेले झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस राहते.

चक्का घरी बांधलेला असावा आणि चांगला सहा-सात तास टांगलेला असावा. श्रीखंडासाठी जो चक्का पुरेसा घट्ट वाटतो त्यातही थोडे पाणी असते, म्हणून मी तो वापरण्यापूर्वी एकदा फडक्यात पिळून घेतो. आंबट दही येथे चालत नाही. आंबटपणा लिंबाचा हवा, दह्याचा नव्हे. टोमॅटोसाठी दोन लालभडक, गरदार फळे किसून साल टाकून द्यावी आणि कीस लहान कढईत पाव चमचा तेलावर, चिमूटभर मीठ व पाव लहान चमचा साखर घालून मंद आचेवर आटवावा. कालथा फिरवल्यावर कढईच्या तळाला रेघ उमटून ती भरून न येणे ही खूण समजावी. दोन टोमॅटोंचा जेमतेम दीड-दोन मोठे चमचे गोळा उरतो, आणि त्याला केचपपेक्षा किती खोल चव येते ते चाटून पाहिल्यावरच कळते. तो पूर्ण गार होऊ द्यावा.

आता चार मोठे चमचे मेयोनीज, दोन मोठे चमचे चक्का, दीड मोठा चमचा आटवलेला टोमॅटो, एक लहान चमचा वूस्टरशर सॉस, दोन लहान चमचे लिंबाचा रस आणि दोन-तीन थेंब टबॅस्को किंवा चिमूटभर लाल तिखट एकत्र करावे. वूस्टर शहरातील ली आणि पेरिन्स या औषधविक्रेत्यांनी १८३७ मध्ये विक्रीस आणलेल्या या काळपट सॉसमध्ये व्हिनेगर, काकवी आणि अँचोव्ही या खारवलेल्या लहान माशांबरोबर चिंचही असते. तेव्हा तो घरात नसल्यास अर्धा लहान चमचा चिंचेचा दाट कोळ आणि तीन-चार थेंब सोया सॉस घालणे हे केवळ देशी जुगाड नव्हे, त्याला पदार्थातच आधार आहे. अँचोव्हीची उणीव मात्र भरून निघत नाही. ब्रिटिश पाककृतींत पुष्कळदा लहान चमचाभर ब्रँडीही असते. ती घातली तर चांगली लागते, न घातल्याने काही अडत नाही.

तयार सॉस चमच्याच्या पाठीला लेपासारखा बसला पाहिजे. ओघळत असेल तर लिंबू अधिक झाले किंवा चक्का सैल होता असे समजावे आणि चमचाभर मेयोनीज घालून तो सावरावा. चव गार असतानाच पाहावी, कारण थंडीत मीठ आणि आंबट दोन्ही मंद लागतात. खोलीच्या तापमानाला नेमका वाटलेला सॉस पेल्यात आळणी ठरतो.

ज्यांना अंडे किंवा दूध नको असेल त्यांनी अमेरिकन घराण्याकडे वळावे: आटवलेला टोमॅटो दुप्पट करून त्यात लिंबू, टबॅस्को, वूस्टरशर आणि झणका आणणारे काहीतरी घालावे. अस्सल हॉर्सरॅडिश भारतात क्वचितच मिळते. पण जपानी वसाबी म्हणून नळीत विकली जाणारी हिरवी पेस्ट बहुतेक वेळा रंग दिलेली हॉर्सरॅडिशच असते. तिचा अर्धा लहान चमचा पुरतो, फक्त लाल सॉसचा रंग त्यामुळे किंचित काळवंडतो. इंग्रजांनी आपल्या शेवग्याला हॉर्सरॅडिशचे झाड म्हटले ते त्याच्या मुळाला तसाच झणका असतो म्हणून. तरीही ते मूळ किसून घालण्याचा प्रयोग करू नये, कारण त्याची साल विषारी मानली जाते. त्यापेक्षा ताजी मोहरीची पूड गार पाण्यात भिजवून दहा मिनिटांनी वापरावी.

पाने आणि पेला

लेट्यूसबद्दल फार आग्रह धरू नये. आईसबर्ग स्वस्त, कुरकुरीत आणि जवळजवळ बेचव असतो, आणि येथे बेचव असणे हा गुणच आहे. अर्धा गड्डा सुटा करून बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवावा, पाने ताजीतवानी झाली की निथळून पंच्यात गुंडाळावीत, पंच्याची पुरचुंडी हातात धरून गॅलरीत चार झटके द्यावेत आणि मगच ती अर्ध्या सेंटीमीटर रुंदीची चिरावीत. आधी चिरून मग धुतली तर प्रत्येक कापलेल्या कडेतून पाणी शिरते. काकडी आवडत असेल तर बिया काढून बारीक चौकोनी चिरावी, मीठ लावून दहा मिनिटांनी पिळावी; न पिळलेली काकडी सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते, शब्दशः. सत्तरच्या दशकात ॲव्होकॅडो अर्धा कापून त्याच्या खोबणीत कोळंबी भरण्याची टूम होती. पिकलेला, घट्ट ॲव्होकॅडो मिळाला तर त्याच्या फोडी घालाव्यात, कारण त्याला पाणी सुटत नाही.

पेले रुंद तोंडाचे असावेत. दांडीचे नसतील तर काचेच्या लहान वाट्या चालतात. ते अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावेत. एकदम फ्रीझरमध्ये ठेवून नंतर बाहेर काढले तर दमट हवेत काचेवर आतूनही दव धरते, आणि ते पुन्हा पाणीच.

वाढण्यापूर्वी दहा मिनिटे, त्याहून आधी नाही, भरायला घ्यावे. तळाशी मूठभर पाने आणि असल्यास काकडी. तिच्यावर मिठाचा कण आणि लिंबाचा एक थेंब. प्रत्येक पेल्यासाठी तीन अख्ख्या कोळंब्या सजावटीसाठी बाजूला काढून उरलेल्यांचे दोन-दोन तुकडे करावेत आणि ते निम्म्या सॉसमध्ये हलक्या हाताने घोळावेत, म्हणजे प्रत्येक तुकड्याला पातळ लेप बसेल. ते पानांवर ठेवून वर सॉसचा एक चमचा सोडावा, आणि बाजूला ठेवलेल्या तीन कोळंब्या पेल्याच्या काठावर न टांगता वरच ठेवाव्यात. काठावर टांगलेली कोळंबी छायाचित्रात देखणी दिसते, पण ती सॉसपासून दूर राहते आणि खाणाऱ्याला हात घालावा लागतो. शेवटी चिमूटभर पाप्रिका. नसेल तर काश्मिरी मिरचीची पूड. सोबत लिंबाची फोड आणि लोणी लावलेले ब्राऊन ब्रेडचे त्रिकोणी तुकडे द्यावेत. आपला पाव गोडसर आणि मऊ असल्यामुळे येथे तितकासा जुळत नाही. तो भाजून दिला तर चालेल.

सॉस आणि आटवलेला टोमॅटो आदल्या दिवशी, कोळंबी त्याच दिवशी दुपारी, पाने संध्याकाळी, भरणे अगदी शेवटी, असा क्रम ठेवला तर पाहुणे आल्यावर स्वयंपाकघरात राहावे लागत नाही. भरलेला पेला अर्ध्या तासापेक्षा अधिक टिकत नाही आणि उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. न भरलेली उकडलेली कोळंबी झाकून फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवता येते. ती उरल्यास उरलेल्या सॉससह सँडविचमध्ये घालावी, पुन्हा गरम करू नये. कोळंबी ज्या पाण्यात मुरली ते पाणी पुन्हा उकळून, गार करून, फ्रीझरमध्ये ठेवावे. ते खारट असते, म्हणून कोळंबीच्या पुढच्या कालवणात किंवा खिचडीत ते वापरताना वेगळे मीठ घालण्यापूर्वी चाखून पाहावे.